क्रमांक चारची जबानी

जेवायला बसलेल्या माणसानं ताटाशेजारी वही ठेवू नये. पाण्याचा तांब्या ठेवावा, फार तर कांदा फोडून ठेवावा. आमचे भाऊजी उकंडराव वही ठेवायचे. एक घास भाकरीचा, एक ओळ वहीची. मी अंगणातून शेजारच्या रुक्मिणीबाईला म्हणाले, "आज पिठलं पातळच झालं व माय," की भाऊजींची पेन्सिल चालू.

"काय लिहून राह्यले भाऊजी?"

"कानावर पडलं ते. लढाई चालू हाय, वहिनी."

आता आमचं पिठलं पातळ झाल्यानं शत्रूचं काय साधणार होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. घट्ट झालं असतं तर त्यांनी माघार घेतली असती की काय, देव जाणे.

बरं, हा कोणी परका माणूस नव्हे, माझा सख्खा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तेरा वर्षांचा होता. सासूबाईंनी माझ्या ओटीत तांदूळ टाकले, नारळ टाकला आणि वरून हा दीर टाकला. त्याचा शेंबूड मी पुसला, त्याच्या बाराखडीची पाटी मी धरली. मी स्वतः दुसरी शिकलेली, पण सही करते. अंगठा देत नाही. मोठा झाल्यावर भाऊजी खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगात भोंगा वाजवायच्या कामावर होते. ते जिनिंग बंद पडलं, भोंगा भंगारात गेला, पण लोकांना जागं करायची सवय अंगातून गेली नाही.

लग्न केलेलं नव्हतं. म्हणजे मी जमवत होते, ते मोडत होते. वडनेर भोलजीच्या बेबीताईचं स्थळ मीच आणलं होतं. शिवणकाम करणारी, शहाणी, तोंडानं जरा फटकळ. पण फटकळ बाईशिवाय घर चालत नाही हे मला अनुभवानं ठाऊक आहे. पाहायला गेलो, तर भाऊजींनी खिशातून वही काढली, विचारलेल्या एकेका प्रश्नाचं उत्तर उतरवून घेतलं आणि शेवटी खाली तिची सही मागितली. ती चहाचे कप उचलून आत गेली आणि आतूनच म्हणाली, "जबानी झाली असन तर पावण्यायले सोडून द्या." वडनेरहून आमचं गाव तीन मैल. त्या तीन मैलांत मी भाऊजींशी एक शब्द बोलले नाही. बैलांशी बोलले.

तर ही पासष्ट सालची गोष्ट. सरहद्दीवर लढाई लागली आणि त्याच्या दोनच महिने आधी आमच्या गावात फोन आला होता. फोन पोस्टात, पोस्ट शाळेच्या पडवीत, आणि पोस्टमास्तर म्हणजे शाळेचेच इंद्रभान मास्तर. सकाळी पोरांच्या पाट्या तपासायचे, दुपारी पत्रांवर शिक्के मारायचे. त्यांचा आवाज कधी चढलेला गावानं ऐकला नव्हता. नियम मात्र असा सांगायचे की ऐकणारा आपसूक चप्पल काढून उभा राही.

फोन करायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. आधी मास्तर नांदुऱ्याला सांगणार, नांदुरा पुढं सांगणार, आपण तासभर बाकावर बसून राहणार आणि मग घंटी. पलीकडचा माणूस रांजणात बसून बोलतो आहे असा आवाज येई. म्हणून आपणही ओरडायचं. खामगावशी बोललेलं निम्मं बोलणं तर तारेच्या आधी वाऱ्यानंच पोचत असेल. फोन नवा, हौस नवी. घरात मीठ संपलं तरी माहेरी कळवावं असं एकेकीला वाटू लागलं होतं.

पंचायतीच्या रेडिओवर सांगत होते, सावध राहा. गावोगाव बोलवा उठली होती की शत्रूचे लोक छत्रीला लटकून शेतात उतरतात. रुक्मिणीबाईनं मला सल्ला दिला, "तुरीच्या वावरात एकटी जात नको जाऊ. वरून कोणी पडलं तर?" मी म्हटलं, "पडलं तर विळा देईन हाती. निंदायले माणूस भेटून नाही राह्यलं."

भाऊजींचा विचार याच्या पुढं गेला होता. ते म्हणाले, "वहिनी, शत्रू छत्रीनं उतरन, पण निरोप कशानं धाडन? तारेनं. अन् तार कोणाच्या गावातून जाते? आपल्या!" झालं. दुसऱ्या दिवशी 'तार-टेलिफोन दक्षता मंडळ' निघालं. कप्तान उकंडराव. सभासद दोन : म्हशीवाला कडूबा आणि सहदेव शिंपी. पगार कोणालाच नाही. त्यामुळं उत्साह भारी होता.

दंडाला लाल पट्टी पाहिजे असं ठरलं. लाल कापड सहदेवकडं नव्हतं, माझ्याकडं होतं. माहेरचं नऊवारी, लाल काठाचं, मी दोरीवर वाळत घातलेलं. संध्याकाळी काढायला गेले तर लुगडं होतं, काठ नव्हता. समोरून तीन दंड चालत आले आणि तिन्ही दंडांवर माझं माहेर. सहदेवनं शिवण मात्र बारीक घातली होती.

"भाऊजी, हे काय केलं?"

"देशासाठी, वहिनी."

आता देशासाठी म्हटल्यावर बाईमाणसानं काय बोलावं? मी बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग मंडळ पोस्टात गेलं. फोनजवळ एक माणूस कायम बसवतो म्हणून सांगितलं. इंद्रभान मास्तर शिक्का मारायचे थांबले.

"तिऱ्हाईताला इथं बसता येणार नाही. कोण कोणाशी बोललं, हे मी कोणाला सांगणार नाही. टपाल आणि फोन यांचं गुपित कायद्यानं राखायचं असतं."

"मास्तर, लढाई चालू हाय!"

"कायदाही चालू आहे."

"मंग बाहेर निंबाखाली बसतो आम्ही. निंब काही पोस्टाचा नाही."

"नाही, ग्रामपंचायतीचा आहे. त्यांची परवानगी आणा."

निंबाखाली बसायच्या परवानगीला सहा दिवस लागले. सरपंचाच्या मते निंबाची सावली गायरानात पडत होती, त्यामुळं झाडाला एक अर्ज आणि सावलीला दुसरा. तेवढ्यात लढाई थांबते की काय, या काळजीनं भाऊजी अर्धे झाले. अखेर कागद मिळाला, निंबाखाली बाक आला आणि पहारा सुरू झाला. कान लावायची गरजच नव्हती. बोलणारा एवढा ओरडायचा की निंबावरची पाखरंसुद्धा माहीतगार झाली.

वहीचे नियम भाऊजींनी स्वतः घालून दिले. "ही पाणवठ्यावरची चर्चा नव्हे," असं माझ्याकडं पाहून म्हणाले. फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, क्रमांक लिहायचा, म्हणजे गावात कोणाची अब्रू जाणार नाही. ऐकलं तेवढंच लिहायचं. मनाचं काही लावायचं नाही. नियम ऐकायला चांगले होते. वाईट गोष्टींची हीच खोड असते, ऐकायला चांगल्या असतात.

फोनसोबत खांबांवरही पहारा होता. शाळेसमोरचा खांब कडूबाकडं. कडूबाला म्हशीही पाहायच्या आणि खांबही पाहायचा. त्यानं डोकं लढवलं आणि म्हैस खांबालाच बांधली. म्हशीची पाठ खाजली. खांब कलला, तार लोंबली, फोन दोन दिवस मुका. त्या दोन दिवसांची नोंद मी नंतर ऐकली : 'संपूर्ण शांतता. शत्रू दबकला असावा.' तिसऱ्या दिवशी तारवाला सायकलवरून आला आणि ओरडला, "खांबाले म्हैस कोणं बांधली बे?" कडूबा दंडावरची पट्टी पुढं करून म्हणाला, "म्हैस नाही, साहेब. पहारा हाय."

इथवर सारं हसण्यावारी होतं. आता माझं सांगते.

पोळ्याच्या दिवशी आमचे हे, बैलांना तोरणाखालून नेताना बैलासमोरच आपटले. गुडघा मुरगळला. साऱ्या गावाचं लक्ष तेव्हा सरपंचाच्या बैलाच्या झुलीकडं होतं, म्हणून अब्रू वाचली. मी ती तशीच वाचवून ठेवायची ठरवली. पोळ्याला बैल उभा आणि मालक आडवा, ही गोष्ट गावात एकदा सुटली की नातवंडांच्या लग्नापर्यंत चालते. म्हणून सगळ्यांना सांगितलं, हे बहिणीला भेटायला खामगावला गेले. खरं म्हणजे तिथल्या हाडवैद्याकडून गुडघा बसवून घ्यायचा होता. भाऊजींनाही खरं सांगितलं नाही. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आता तर वहीत जात होतं.

दोन दिवस झाले, खुशाली नाही. माझे नंदोई खामगावला एका तेलाच्या गिरणीत मुनीम. गिरणीत फोन. मी पोस्टात गेले. तासभर बसले. घंटी वाजली. पलीकडं नंदोई आहेत म्हटल्यावर मी डोक्यावरून पदर घेतला. इंद्रभान मास्तरांनी शिक्क्यातून मान वर केली आणि पुन्हा शिक्के मारू लागले. पदर घेऊ नये असा नियम नसावा.

"ते पोचले का?" मी ओरडले. "त्यायचा गुडघा कसा हाय? चहा बिनसाखरेचा देजा! वांगं देऊ नका, बाधते! रात्री खोकतात, खिडकी लावून घेजा! अन् कोणाले सांगू नका बाप्पा, ते तिथं काऊन आले ते! मी वाट पाहून राह्यली म्हणा!"

बाहेर बाकावर कडूबा होता. माझ्याआधी तिघंजण फोन करून गेले होते. मी चौथी. त्यानं लिहिलं, क्रमांक चार.

त्याच आठवड्यात रुक्मिणीबाईनं मोताळ्याला भावाकडं फोन केला. तिचा नवरा तिथल्या बाजारात बैलजोडी पाहायला गेला होता. "ते बाजारात दिसले का? बैलाचे दात मोजल्याशिवाय ते कोणावर भरोसा ठेवत नाहीत! त्यायले म्हणा, दुसऱ्याच्या नादी लागू नका!" ती क्रमांक सहा. मग कडूबाचीच बायको, बनाबाई, मलकापूरला माहेरी बोलली, "काय सांगू दादा, ते दिवसभर घरी नसतात! खांबाखाली बसून राह्यतात! म्हशी उपाशी मरून राह्यल्या!" ती क्रमांक सात. बाहेर बसून हे लिहिणारा कोण? कडूबा. त्यानं बायकोचं बोलणं ऐकून, स्वतःच्या हातानं, इमानदारीत लिहिलं : 'ते दिवसभर खांबाखाली बसतात.' मनाचं काही लावायचं नव्हतं ना.

आता वाचणाऱ्याला सांगायला नको. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. हे म्हणते, ते म्हणते, घरचे म्हणते. फारच अडलं तर अमक्याचे बाबा म्हणते. माझ्या लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, एकदाही माझ्या तोंडून नाव गेलं नव्हतं. घरात आग लागली असती तरी मी "अवं, ऐकलं का" म्हणूनच हाक मारली असती. ज्याच्या घरी बायको आहे त्याला ही गोष्ट भाकरीसारखी ठाऊक असते. पण वही शेवटी वाचून तिचा रिपोर्ट केला कोणी? उकंडरावांनी. आणि त्यांना जन्मात कोणी 'ते' म्हटलं नव्हतं.

तीन-चार दिवस भाऊजी जेवताना दाराकडं पाहू लागले. एकदा हळूच विचारलं, "वहिनी, गावात कोणी नवा इसम जेवून गेला काय?"

"माह्या घरी नवी एकच हाय जेवणावर, ती तुमची वही."

"लंगडणारा?"

मी चपापले. गुडघ्याची गोष्ट फुटली की काय! म्हणून जोरात म्हटलं, "लंगडणारं कोणी नाही! कोण म्हणते लंगडते म्हणून?"

ते एवढंच म्हणाले, "हूं." आणि लिहिलं.

आठवड्यानं खामगावहून हे परतले. एसटीतून उतरले. गुडघ्याला पट्टी, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. घरी येण्याआधी थांब्यावरच्या हॉटेलात बसले आणि म्हणाले, "एक चहा. बिनसाखरेचा." शेजारच्या बाकावर तालुक्याहून आलेले हिंमतराव जमादार बसले होते. ते उठले, खिशातून कागद काढला, गुडघ्याकडं पाहिलं, काठीकडं पाहिलं. तेवढ्यात हे खोकले.

"भजे घेता काय, वांग्याचे?" जमादारानं विचारलं.

"नाही बाप्पा. वांगं बाधते मले."

जमादारानं टोपी नीट केली. "चावडीत चाला."

मी चुलीपाशी भाकरी थापत होते. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. दंडावरचा माझा काठ घामानं भिजला होता.

"वहिनी... चार नंबर तुम्ही हाय काय?"

"काय चार नंबर?"

"कडूबा म्हणते चार नंबर आपल्याच घरची हाय." आणि मग एका दमात सगळं सांगितलं. रिपोर्ट तालुक्याला गेला, तालुक्यानं वर पाठवला, वरून कागद आला, जमादारानं दादाला धरला, चावडीत बसवला.

तव्यावरची भाकरी करपली. चोवीस वर्षांत करपलेली ती माझी पहिली भाकरी. भाऊजींनी ते लिहून घ्यायला हवं होतं.

चावडीत अख्खं गाव जमलेलं. हे कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, उपाशी, पण चेहऱ्यावर काही नाही. या माणसाला भूकंपात बसवलं तरी तो म्हणेल, जरा हललं वाटते. जमादारानं रिपोर्ट वाचून दाखवला : "एक इसम. नाव कोणी घेत नाही. घ्यायला सगळे कचरतात, त्यावरून इसम वजनदार असावा. एकाच आठवड्यात खामगाव, मोताळा व आमच्या खांबाखाली दिसतो. एका ठिकाणी लंगडतो, दुसऱ्या ठिकाणी बैलाचे दात मोजतो. कोणावर भरोसा ठेवत नाही. चहा बिनसाखरेचा. वांगं वर्ज्य. क्रमांक चार त्याची वाट पाहते व कोणाला सांगू नका म्हणते."

एवढ्या लोकांत माझं वाट पाहणं वाचलं गेलं. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. लाजेनं नाही. भाऊजींकडं पाहिलं असतं तर भस्म झाले असते, म्हणून.

"जमादारसाहेब, हा माह्या सख्खा भाऊ हाय!" भाऊजी कळवळून म्हणाले.

"तुम्ही बोलू नका. रिपोर्ट तुमचा. ज्याचा रिपोर्ट त्याचीच साक्ष त्याच्याविरुद्ध कशी घेऊ?"

"अहो, सगळं गाव वळखते यायले!"

"गाव वळखते, मीबी वळखतो," जमादार म्हणाले. "मागच्या साली यायच्याच वावरातल्या काकड्या खाल्ल्या मी. प्रश्न तो नाही. हे तुमचे भाऊ हायत, कबूल. पण कागदातले 'ते' हेच हायत की दुसरे कोणी, हे कोण सांगन? वरून विचारलं हाय, 'ते' कोण, नावानिशी कळवा. नाव फोनवर बोलणाऱ्यानंच सांगावं लागन. नाही तर यायले तालुक्याले न्यावं लागते. साहेब दौऱ्यावर हायत, सोमवारी येतीन."

त्या दिवशी गुरुवार होता.

कोणीतरी इंद्रभान मास्तरांना म्हटलं, मास्तर, तुमच्याकडं फोनची पावती असते, त्यावर नावगाव असते, तुम्हीच सांगा. मास्तर उभे राहिले. "असते. पण ती मी लेखी हुकमाशिवाय दाखवणार नाही. हुकूम तालुक्याहून येतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, तुमचं गुपित माझ्याकडून जाणार नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर तुम्ही सांगा." आणि खाली बसले. अख्ख्या चावडीत शहाणं बोलणारा एक माणूस, आणि नेमका त्याचाच मला काही उपयोग नव्हता.

जमादार म्हणाले, "सांगा बाई. 'ते' म्हणजे कोण? नाव घ्या."

"तेच ते," मी म्हटलं.

"तेच म्हणजे?"

"ते बसले हायत ना."

"तिथं पाच जण बसले हायत, बाई. नाव लिहायची जागा हाय कागदात. बोट लिहायची नाही."

रुक्मिणीबाई कानाशी लागली. "सांग व माय. नाही सांगितलं अन् 'ते' दुसरेच निघाले असं ठरलं, तर तू वाट कोणाची पाहत होती, ते सांगावं लागन." शेजारीण म्हणून देवानं तिला नीट निवडून दिली आहे मला.

"चावडीत? पोलिसासमोर? नवऱ्याचं नाव?" मी म्हटलं. "मी काय टाकलेली बाई हाय, सरळ नाव घ्यायले?"

"सरळ नको घेऊ. उखाण्यात घे."

"मी काय नवी नवरी हाय?"

तेवढ्यात कोपऱ्यातून हे खोकले. रात्रीचा खोकला, पण दिवसा. मी पाहिलं. दुखरा पाय लांब करून बसले होते आणि हात पोटावर होता. या माणसानं माझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. जेवायलासुद्धा मागत नाही, नुसता पाटावर येऊन बसतो. सोमवारपर्यंत तालुक्यात याला पाटावर कोण वाढणार होतं? आणि वाढलंच तर वांगं वाढलं असतं.

मी उभी राहिले. पदर सारखा केला. चोवीस वर्षांपूर्वी मांडवात घेतलेला उखाणा आठवेना, म्हणून डोळ्यासमोर होतं त्याचाच केला :

"खांबाले बांधली म्हैस, तार पडली ढिली,
महादेवरावांच्या नावासाठी सरकारनं चावडी भरविली."

मग चावडी अशी हसली की छपरातल्या चिमण्या उडाल्या. हे मान खाली घालून काठीच्या टोकानं जमिनीवर रेघा ओढू लागले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कान लाल!

जमादार हसले नाहीत. सरकारी माणूस. "जरा सावकाश," म्हणाले, "म्हैस खांबाले की तारेले?"

"खांबाले," मी म्हटलं. "नीट लिहा."

त्यांनी जबानी म्हणून तो उखाणा जसाच्या तसा उतरवला आणि विचारलं, "हे खामगावचे झाले. मोताळ्यात बैलाचे दात मोजणारे?"

रुक्मिणीबाई अशी उठली जणू तिची पाळी कधी येते याचीच वाट पाहत होती :

"मोताळ्याच्या बाजारात मिरची तिखट जाळ,
मोतीरामरावांचं नाव घेते, सोडा आता जंजाळ!"

"अन् खांबाखाली बसणारे?"

बनाबाई साठीची. गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दंडाला लाल पट्टी बांधून दारात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बोट केलं :

"निंबाच्या झाडाखाली बाक हाय लाकडाचा,
कडूबारावांचं नाव घेते, हेर हा माह्या घरचा!"

कडूबानं हळूच पट्टी सोडली आणि खिशात घातली. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पंधरा दिवस तो स्वतःवरच पाळत ठेवून होता. आणि चांगली ठेवली होती. एकही नोंद खोटी नव्हती.

जमादारानं कागद पुरा केला. 'तिन्ही "ते" आपापल्या कुटुंबाच्या ताब्यात दिले,' असं लिहून माझ्यापुढं शाईचा डबा सरकवला. मी म्हटलं, "डबा न्या, पेन आणा." सही केली. शेवटचा काना जरा लांब झाला, पण मुद्दाम. मग टोपी हातात घेऊन जमादार माझ्याजवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "बाई, आमच्या घरीबी मले 'ऐकलं का' म्हणतात. मले हे आधीच समजायले पाहिजे होतं. पण कागदावर आलं की समजत नाही काही."

गुडघ्याची गोष्ट फुटली ती फुटलीच. संध्याकाळपर्यंत पोळ्याला कोण कसं आपटलं हे गावातल्या पोरासोरांना पाठ झालं. पण त्याच्यापुढं माझ्या उखाण्याची गोष्ट एवढी मोठी झाली की गुडघा मागं पडला. अजून कोणाच्या घरी लग्न असलं की बाया म्हणतात, "सत्यभामाबाईचा म्हशीवाला घ्या." मीही आढेवेढे घेत नाही फार.

घरी येताना हे काठी टेकत माझ्या मागं चालत होते. मारुतीच्या देवळापाशी म्हणाले, "म्हैस काऊन घातली वं त्यात?"

"मंग काय गुलाबाचं फूल घालू? वेळ होता का मले?"

"नाही," म्हणाले. "चांगला होता." चोवीस वर्षांत एवढं बोललेले मला आठवत नाहीत.

संध्याकाळी जेवायला दोघे भाऊ पाटावर बसले. पिठलं घट्ट होतं, भाकरी नव्यानं केल्या होत्या. भाऊजींनी ताटाशेजारी वही ठेवली नाही. दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढं केली. दंडावरची पट्टीही सोडून घडी करून वर ठेवली होती. मान वर नाही. तेरा वर्षांचा होता तेव्हा पाटी फोडून आला की अगदी असाच उभा राहायचा.

"वहिनी, चुकलं माह्यं. सांगा काय शिक्षा देता ते."

मी वही घेतली, चुलीशेजारी ठेवली, त्यांच्या ताटात पिठलं वाढलं आणि म्हटलं,

"भाऊजी, कान तुमचे चांगले हायत, पण ऐकलेलं समजायले घरात कोणी लागते. रविवारी मी वडनेरले बेबीताईकडं जाईन. फोन नाही करत, पायी जाईन. तुम्ही संगं यायचं, अन् रिकाम्या हातानं यायचं. ज्या दिवशी ती बाई तुमचं नाव घ्यायले लाजन ना, त्या दिवशी तुमाले समद्या गावाचं बोलणं समजन. तवरोक ही वही माह्यापाशी राह्यली, चूल पेटवायले कामी येते."